वेलीवरचा तंबोरा

एकदा एक शिक्षिका मिरजेतल्या एका वृद्ध कारागिराकडे आली. तंबोरे घडवणे हा त्याचा व्यवसाय. लहानपणी बहाई धर्माच्या बालवर्गात तिने त्याच्याकडूनच प्रार्थना पाठ केल्या होत्या आणि आता तो वर्ग तीच चालवत होती. आठवडाभर शाळेत जीवशास्त्र, रविवारी बालवर्ग. दोन्हींवर तिचा जीव होता. त्यांतले एक सोडायचे ठरवूनच ती आली होती.

"बाबा, रविवारपासून वर्ग दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. मुलांपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू?"

घडले होते एवढेच. शाळेतली एक मुलगी बालवर्गालाही येत असे. तिने सरळ विचारले, "ताई, माणूस प्राण्यांपासून उत्क्रांत झाला हे तुम्ही बुधवारी शिकवलंत. माणूस आरंभापासून माणूसच होता हे रविवारी आपल्या ग्रंथातून वाचून दाखवलंत. मग खोटं कुठल्या दिवशी बोललात?"

धर्म आणि विज्ञान यांत विरोध असू शकत नाही, ही तर बहाई माणसाची पक्की श्रद्धा. म्हणून शिक्षिकेने वही आणली आणि महिनाभर ग्रंथातले एकेक वाक्य जीवाश्मांच्या तक्त्याशेजारी उतरवले. ओळीला ओळ काही केल्या जुळेना. बिचारीची अन्नावरची वासना उडाली.

हे सगळे सांगून तिने वही पुढे केली. म्हाताऱ्याने ती उघडलीसुद्धा नाही. "माळ्यावर जा," तो म्हणाला, "आणि एक तंबोरा घेऊन ये."

ती वर गेली. माळाभर वाळलेले भोपळे टांगलेले, तंबोरा कुठेच नाही. तिला रागच आला. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना वाद्य सुचतंय! ती रिकाम्या हाताने खाली उतरली.

"वर नुसते भोपळे आहेत, बाबा."

"भोपळे? अगं, पंचवीस तंबोरे हायत की वर!" म्हातारा मनापासून हसला. "आमच्या घरात वेलीला फळ धरलं की त्याला तंबोराच म्हणत्यात. कडू भोपळा त्यो, भाजीला कोण तोडतंय? आता सांग, आम्ही खोटं बोलतो काय?"

"नाही... पण असतो तो भोपळाच ना?"

"असतोच की! बी, वेल, फूल, फळ, सगळ्यातनं गेलेला. तुझं शास्त्र ते नेमकं सांगतंय, त्यातलं एक अक्षर कमी करू नको. ग्रंथ सांगतो, तो वाढला कशासाठी. माणसाचं शरीर कितीही रूपांतनं येऊ दे, ईश्वराला ओळखायची शक्ती त्याच्यासाठी पहिल्यापासनं नेमलेली होती. आणि मातीतनं आला म्हणून तंबोऱ्याचा सूर हलका होत न्हाई. मला असं उमगलंय. चुकत असलो तर चूक माझ्या समजुतीची. तू मात्र महिनाभर ग्रंथाला भोपळ्याचं वजन विचारत बसलीस."

ती पायरीवर बसली. हसू आणि रडू एकदमच आले. केवढे हलके वाटले तिला! काहीही सोडायचे नव्हते, काहीही लपवायचे नव्हते.

रविवारी तिने मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, कुठेही न अडखळता. एका चिमुरडीने हात वर केला. "ताई, मग पुढं माकडंपण प्रार्थना करणार काय?"

आठवड्यापूर्वी या प्रश्नाने तिला घाम फुटला असता. "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "शोधू या." आणि कितीतरी दिवसांनी तिला आपण खरोखरच शिक्षिका आहोत असे वाटले.