दहाव्या आठवड्याचं बोलावणं

“…आणि मग ते परत का येतं?” रेगेबाईंनी विचारलं.

झोपाळा कुरकुरत होता. दुपार होती. माडांच्या सावल्या पडवीच्या भिंतीवर हलत होत्या आणि बाईंचे डोळे मिटलेले होते.

समोर डॉक्टर सौमित्र खोपकर बसला होता. बाईंनी चाळीस वर्षं शरीररचना शिकवली, आणि तोंडी परीक्षेला आलेल्या प्रत्येकाला गर्भाच्या आतड्याबद्दलचा हाच प्रश्न विचारला. सौमित्रने तेव्हा पाच कारणं धडाधड सांगितली होती. बाई नुसतं “बरं” म्हणाल्या होत्या. ते “बरं” त्याला अजून बोचत होतं.

“बाई, मी परीक्षेला नाही आलो. परवानगी मागायला आलोय. उद्या टाके घालू का?”

खरं तर परवानगीची त्याला गरज नव्हती. शाबासकीची होती.

गावातल्या इस्पितळात तीन दिवसांची एक मुलगी होती. तिचं लहान आतडं पोटात नव्हतंच. नाळेच्या मुळाशी, पातळ पारदर्शक पिशवीत, ते बाहेर राहिलं होतं. सौमित्रला ते एका बैठकीत आत घालून पोट शिवायचं होतं. बाहेरगावचे चार सर्जन बघायला येणार होते.

“सहाव्या आठवड्यात कुठे जातं ते?” बाईंनी विचारलं.

“नाळेत.”

“का?”

“गर्भाच्या पोटात जागा नसते. यकृतानेच सगळं व्यापलेलं असतं. आतडं भराभर वाढतं, मावत नाही, बाहेर पडतं.”

“भांडून?”

“नाही, बाई.” सौमित्रला हसू आलं.

“बाहेर काय करतं?”

“वाढतं. वळतं. थोडं तिथे, उरलेलं परत येताना.”

“आणि दहाव्या आठवड्यात येतं. कोण बोलावतं त्याला?”

…

“या मुलीचं नाही आलं,” सौमित्र म्हणाला. “म्हणून मी घालतो. बाई, हे हात बघा तरी माझे. अख्ख्या जिल्ह्यात…”

“इकडे ये.”

तो जवळ गेला. बाईंनी पंजा त्याच्या पोटावर ठेवला आणि दाबला. म्हातारी काटकुळी, पण हात चाळीस वर्षं प्रेतं उलटीपालटी करणारा.

“घे श्वास.”

अर्धाच आला.

“घे ना.”

त्याच्या कानात समुद्र वाजू लागला. भिंत लांब गेली, सावल्या लांब गेल्या. आपण फार लहान आहोत, मुठीएवढे, आणि आत कुठेच जागा नाही, असं त्याला वाटलं. त्याला भीती वाटली.

पंजा उचलला गेला. झोपाळा पुन्हा कुरकुरला.

“टाक्यांचं काय, बाई?”

बाई झोपल्या होत्या. निदान दिसत तरी तसंच होतं.

सगळं एकदम आत कोंबलं तर त्या मुलीलाही असाच श्वास घेता येणार नव्हता; इस्पितळात परतल्यावर त्याने चौघा सर्जनांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. पिशवीभोवती मऊ पट्टी गुंडाळली आणि बाळाच्या वर, दिव्याच्या दांडीला, पट्टीचं टोक सैल बांधलं. रोज बोटभर खाली करायचं, म्हणजे आतडं आपल्याच भाराने थोडंथोडं आत सरकेल, एवढंच.

मुलीची आई सुगंधा, लेकीला कधी उचलून घेता येईल याची वाट बघत, काचेबाहेर उभी असायची. “डॉक्टरानू, चेडवाक माका कधी घेवक गावतला?”

सौमित्रने काचेतून बाळाकडे पाहिलं. “बघू,” तो म्हणाला.

तो बसून राहिला. बाई शवविच्छेदनाच्या वर्गात वीस फूट आतडं बोटांतून सरकवत न्यायला लावायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा त्याला तो छळ वाटायचा. आता तो आपणहून गप्प होता.

दिव्याच्या उबेत सगळं पिवळसर दिसे. पातळ पडद्याआड वेटोळी हळूच हलत, उथळ पाण्यात मासोळ्या वळाव्यात तशी. बघता बघता त्याला डुलकी लागे, आणि डुलकीतही ती वळत असत.

चौथ्या दिवशी मुलीचा श्वास जलद झाला. त्याने पिशवी पुन्हा बोटभर वर घेतली. “माझी घाई झाली,” तो म्हणाला. नर्सने ऐकलं, आणि त्याला ते लपवावंसं वाटलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी पिशवी रिकामी होती.

दुपारी तो बाईंकडे गेला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

“गेलं आत, बाई. सगळं.”

“कोणी घातलं?”

“मी पट्टी बांधली. रोज थोडी खाली केली. बाकी… त्याचं तेच गेलं.”

“आणि तू?”

“बसून होतो.”

झोपाळा थांबला. बाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला तरी ठाऊक आहे का? कोण बोलावतं त्याला?”

बाई हसल्या. दात उरले नव्हते, तरी मनापासून हसल्या. “ठाऊक असतं तर चाळीस वर्षं पोराटोरांना विचारत बसले असते का?”

…

तो उठेना. सावल्या भिंतीवरून खाली उतरल्या, त्याच्या पायांपर्यंत आल्या.

बाईंनी पायाच्या अंगठ्याने झोपाळ्याला हलकेच रेटा दिला.

“जा,” त्या म्हणाल्या. “आता घाल टाके.”