टिकलीचा फाटका कान

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा मेंढ्या बोलायच्या आणि बाकीचे त्यांचं ऐकूनही घ्यायचे.

एका माळावर एक मोठा कळप चरायचा. त्याची राखण चार कुत्री करायची. त्यांची म्होरकी होती कबरी. वयानं थकलेली, पण कान असे तिखट, की पलीकडच्या टेकडीवर ससा शिंकला तरी हिला कळायचं!

त्या माळाची एक रीत होती. लांडगा दिसला की कबरी लांब सूर काढून भुंकायची. मग मेंढ्या असतील तिथून धावत यायच्या आणि कुत्र्यांच्या पाठीशी गोळा व्हायच्या. कोकरं मध्ये, मोठ्या भोवती. असा गोळा झालेला कळप लांडग्याला काही फोडता येत नसे.

कबरीचा धाकटा लेक भुऱ्या नुकताच राखणीला लागला होता. अंगात रग आणि डोक्यात हवा. "आई, मी आलो की मेंढ्या कशा चळचळा कापतात बघ!" म्हणायचा, आणि कबरी कौतुकानं हसायची. आईच ती, करणार काय!

एका सकाळी माळाच्या कडेची ज्वारी खाल्लेली दिसली. मेंढ्यांनी ज्वारीला तोंड लावायचं नाही, असा नियम होता. भुऱ्या तडक निघाला आणि समोर दिसली तिलाच त्यानं धरलं. ती होती टिकली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी गरीब मेंढी.

"मी नाही रे बाबा! मी काल ओढ्यापलीकडे होते. विचार की कुणालाही!"

पण विचारतोय कोण? भुऱ्यानं तिचा कान दातांत धरून असा ओढला, की टरकन फाटला. तिचं कोकरू शेजारी उभं राहून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी रानडुकरं आली आणि सगळ्यांच्या देखत उरलेली ज्वारी फस्त करून गेली. घ्या! चोर सापडले, पण टिकलीचा कान काही जोडला जाईना.

मेंढ्या कबरीकडे गेल्या. म्हणाल्या, "अक्का, तुझ्या लेकाला जाब विचार."

कबरीला खरं काय ते ठाऊक होतं. पण तिनं विचार केला, पोराला चारचौघांत बोलले तर उद्या कुत्र्यांना भिणार कोण? आणि पोटचा गोळा तो. ती म्हणाली, "टिकलीचा कान बाभळीच्या काट्यात अडकून फाटला." बाकीच्या कुत्र्यांनीही माना डोलावल्या. "हो हो, काट्यानंच."

मेंढ्या गप्प बसल्या. कबरीला वाटलं, चला, मिटलं! अहो, गप्प बसलेल्याला सगळं पटलेलं असतं असं कुणी सांगितलं हिला?

पुढं एका संध्याकाळी झुडपांतून लांडगे आले. कबरी भुंकली, जीव तोडून भुंकली. आणि पाहते तर काय, मेंढ्या कुत्र्यांकडे यायच्याऐवजी कुत्र्यांपासून लांब पळत सुटल्या! कुणी ओढ्यात, कुणी काट्यात. चार कुत्री धावून धावून किती ठिकाणी धावणार? कळपातलं सगळ्यात लहान कोकरू लांडग्यानं उचललं.

त्याची आई रडत होती. कबरी धापा टाकत टिकलीपाशी गेली. "अगं, मी हाक मारली आणि तू उलटी का पळालीस?"

"अक्का," टिकली म्हणाली, "लांडगा लांब होता. दात असलेलं जवळ कोण होतं, ते बघून पळाले."

कबरी तशीच वळून उंच दगडावर चढली आणि सगळ्या कळपाला ऐकू जाईल अशी बोलली.

"टिकलीचा कान काट्यानं फाटला नाही. माझ्या लेकानं फाडला. आणि मी खोटं बोलले. आजचं कोकरू लांडग्यानं नेलं, पण वाट मी करून दिली."

"आई!" भुऱ्या कळवळला.

"आई आहेच रे, जन्मभर आहे. म्हणूनच त्या दिवशी बोलायला हवं होतं. तुझी राखण आजपासून बंद. आणि म्होरकेपण माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते मेंढ्या ठरवतील."

मेंढ्यांनी खूप वेळ खल केला. कबरीला ठेवलं. भुऱ्यानं मात्र कळपाच्या मागून, मुकाट चालायचं, आणि परत राखणीला कधी घ्यायचं ते टिकली सांगेल, असं ठरलं. टिकलीनं काही लवकर सांगितलं नाही. तिनं का सांगावं? भुऱ्या मान खाली घालून चालत राहिला. लंगडं कोकरू मागं राहिलं तर त्याच्यासाठी थांबू लागला.

थंडी सरता सरता लांडगे पुन्हा आले. कबरी भुंकली. मेंढ्या जागच्या जागी थबकल्या आणि सगळ्यांनी टिकलीकडे पाहिलं. टिकली क्षणभर उभी राहिली. मग कोकराला पुढं ढकलत कुत्र्यांकडे धावली. तिच्यामागून सगळा कळप आला. लांडगे हात हलवत परत गेले.

कळपाच्या कडेला भुऱ्या खाली मान घालून उभा होता. टिकली त्याच्यापाशी गेली.

"उद्यापासून ये राखणीला," ती म्हणाली. "पण माफ केलं असं समजू नकोस हं. तुझ्या आईला खरं बोलताना ऐकलंय मी, म्हणून आले धावत."

तात्पर्य : राखणदाराचं बळ दातांत नसतं, लोकांच्या भरवशात असतं, आणि आपल्या माणसाची चूक झाकली, की तो भरवसाच आधी जातो.