हार घातलेल्या दोन गाड्या

साताऱ्याजवळच्या रेस ट्रॅकचे मालक गुंजाळशेठ यांना वाद घालायला रोज नवं गिऱ्हाईक लागे. दसऱ्याला त्यांनी दोन स्पोर्ट्स कार घेतल्या. एकीचं इंजिन पार मागच्या चाकांच्याही मागे, दुसरीचं मधोमध, चालवणाऱ्याच्या पाठीशी. ट्रॅकसाठी कुठली बरी, असं ते ज्याला त्याला विचारत आणि तो जी सांगेल तिच्या विरुद्ध तासभर बोलत.

दुसऱ्या दिवशी पाळी आली शाल्मलीची. ती तिथे रेसिंग शिकवायची.

"शेठ, आधी बॉनेटवरचे झेंडूचे हार काढा," ती म्हणाली.

"पूजेचा हार आपल्या हाताने काढत नाहीत. वाऱ्याने गेला तर गेला!" शेठ गुरकावले आणि सगळ्या सभासदांदेखत एकेक करून दोन्ही गाड्या ट्रॅकवर फिरवून आले.

"मागच्या इंजिनाची वळणावर काय शेपूट फेकते! आणि मधलीवाली भोवऱ्यासारखी गरकन फिरते. जीव मुठीत धरून आणली!" हेल्मेट काढत ते म्हणाले. "आता सांगा मॅडम, कुठली ठेवू? उत्तर पटलं नाही, तर उद्यापासून येऊ नका."

गोष्ट नोकरीवर आली तरी शाल्मलीने घाई केली नाही. तिने वाकून दोन्ही हार नीट निरखले.

"कुठलीही ठेवा, शेठ," ती म्हणाली. "दोन्ही हारांची एक पाकळीसुद्धा गळलेली नाही. या वेगाला इंजिन टपावर बांधलंत तरी फरक पडायचा नाही."

शेठनी दोन्ही हार आपल्याच हाताने ओरबाडून काढले.