चौथ्या पंगतीतलं पान

एका गावात एक कासार राहत होता. राहत होता म्हणायचं ते आपलं नावाला, कारण केरबा कासार एका जागी टिकतच नसे. आत्ता दुकानात पाहावा तर घटकेत पारावर, पारावरून नदीवर, नदीवरून घरी, आणि घरी आला की दारातूनच परत.

पायाला ही भिंगरी काही जन्मापासून लागलेली नव्हती. मूळचा माणूस शांत. बांगडी भरताना बाईचा हात इतका हलका दाबायचा की शेजारच्या दोन गावांतल्या सासुरवाशिणी त्याचं दुकान शोधत यायच्या. पण त्याची एकुलती एक लेक सगुणा बाळंतपणाला माहेरी आली आणि याचं चित्त उडालं. सगुणाची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. हे तिसरं. सुईणीनं सांगितलं होतं, पोरीनं अंथरूण सोडायचं नाही. तरी पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती.

बापानं काय करावं? जवळ बसावं तर बसवत नव्हतं. तिचा उतरलेला चेहरा पाहिला की तो उठून कुठल्यातरी देवाला निघायचा. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, शनिवारी मारुती. एकाही देवाला त्यानं चैन पडू दिली नाही. दुकानात बसला तरी घाई करायचा आणि बांगड्या फुटायच्या. केरबाकडं बांगड्या भरायला जायचं तर पदराला हळद बांधून जावं, असं बायका आपसांत म्हणू लागल्या.

शेवटी त्यानं मळाईला नवस केला. मळाईचं देऊळ गावाबाहेर, माळावर. माघात तिचा भंडारा होतो, आणि त्या भंडाऱ्याला भाड्याचं माणूस चालत नाही. रांधणारे, वाढणारे, उष्टी काढणारे, सगळे सेवेकरी. केरबा देवीपुढं हात जोडून म्हणाला, "आई, एका दिसात, दिस मावळायच्या आत, पाचशे पानांवर माझ्या हातानं भात वाढीन. तवर तोंडात दाणा घालणार न्हाई. माझ्या लेकीचं बाळ सुखरूप हातात दे."

नवस बोलला आणि त्याला जरा बरं वाटलं. करायला काहीतरी मिळालं होतं.

मळाईच्या भंडाऱ्याची रीत अशी, की शंभर पानांची एक पंगत. सगळ्यांनी एकदम बसायचं, एकदम उठायचं. पंगत कधी उठवायची हे आनसाआक्का ठरवणार. ही सत्तरीची बाई चाळीस वर्षं देवळाच्या चुलीपाशी राबत आली होती. ती पंगतीतून एक फेरी मारायची, शेवटचा हात थांबलेला डोळ्यांनी पाहायची आणि मगच म्हणायची, "मळाईच्या नावानं…" की शंभर तोंडं म्हणायची, "चांगभलं!" आणि पंगत उठायची. एकदा चांगभलं झालं की कुणी बसून राहायचं नाही. उठलेल्या पंगतीत एकट्यानं खाणं म्हणजे देवीच्या दारात हावरेपणा, हे तिथं लेकरालासुद्धा शिकवलेलं असतं.

भंडाऱ्याच्या दिवशी केरबा पहाटेच माळावर हजर. पहिली पंगत बसली आणि त्यानं भाताची पाटी उचलली ती खाली ठेवलीच नाही. वाढत कसला होता, पेरत होता. कुणी "थोडाच" म्हणालं तर त्याच्या पानावर ढीग पडलेला असायचा, आणि कुणी "आणखी घाल" म्हणेपर्यंत हा चार पानं पुढं गेलेला असायचा. आमटी वाढणारा त्याच्या मागं धापा टाकत होता.

"केरबा, भात वाढतोयस का मळणी करतोयस?" पंगतीतून कुणीतरी विचारलं. लोक हसले. केरबानं ऐकलंच नाही. त्याचं अर्धं लक्ष पाटीत होतं आणि अर्धं आभाळात. पहिली पंगत उठली, शंभर झाली. दुसरी उठली, दोनशे. तिसरीला ऊन कललं. चौथी पंगत वाढून झाली तेव्हा सूर्य डोंगराच्या वर चार हात उरला होता.

आणि चौथी पंगत अडली.

नव्याण्णव माणसांचं जेवण आटपलं होतं. वाळलेले हात पुढं धरून ती गप्पा मारत बसली होती. शेवटच्या पानावर एक म्हातारी होती, वरल्या वस्तीवरची ठकूबाई. तोंडात दात नाही. ती भात आमटीत कुस्करायची, बोराएवढा घास करायची आणि तो तोंडात इकडून तिकडं घोळवत बसायची. बाहेर पाचव्या पंगतीची माणसं उभी होती. आनसाआक्का चुलीवरचा हंडा उतरवायला आत गेली होती.

केरबा म्हातारीपाशी गेला. "आजी, झालं का?"

"व्हईल लेकरा," ती म्हणाली.

तो देवळाला एक वेढा घालून आला. म्हातारी तिथंच. पाटी या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा एक वेढा घातला. म्हातारीनं तेवढ्यात एक घास संपवला होता. केरबाच्या अंगाची नुसती लाही झाली. डोंगराकडं पाहिलं तर सूर्य मघापेक्षा खाली. डोळ्यांपुढं सगुणाचं वाळलेलं तोंड आलं, आणि काय करतो आहोत हे कळायच्या आत तो ओरडला, "मळाईच्या नावानं…"

सवयीची माणसं. "चांगभलं!" म्हणाली आणि उठली. ठकूबाईनं तोंडापर्यंत नेलेला घास पुन्हा पानावर ठेवला, पानाला हात जोडले आणि शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन तीही उठली.

पाचवी पंगत बसली. केरबा सुटला वाऱ्यासारखा. दहा पानं झाली, वीस झाली, चाळीस झाली. तेवढ्यात आनसाआक्का त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांवर एक उष्टी पत्रावळ होती.

"मी मळाईचं नाव घेतलं न्हवतं," ती म्हणाली.

"दिस मावळाया आलाय, आक्का."

"ह्ये पान बघ. चार घास गेल्यात फकस्त."

"म्हातारं माणूस. जात न्हाई त्यास्नी."

"जात हुतं. येळ लागत हुता."

केरबानं मान फिरवली. "माझी साठ पानं ऱ्हायलीत. सगुणासाठी हाय ह्ये समदं. तुला ठाव न्हाई का?"

"ठाव हाय. तिच्यासाठी मी बी रोज हात जोडते," आक्का म्हणाली. "तुझी पाटी मी वढून घेनार न्हाई. तूच सांग, पाटी दुसऱ्या कुनाच्या हातात देऊ का तुझ्याच हातात ऱ्हाऊ दे?"

केरबा पाटी घेऊन उभा राहिला. पुढचं पान मोकळं होतं, पण हात भाताला लागेना. म्हातारीनं तोंडाजवळचा घास खाली ठेवला, तो त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पाहूनसुद्धा पंगत बसवायला पुढं पळाला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यानं "जरा धर, आलोच" म्हणत पाटी आमटीवाल्याच्या हातात दिली, एका कोऱ्या पत्रावळीवर भात, आमटी, लापशी घेतली आणि माळावरून धावत सुटला.

अजून त्याची आशा सुटली नव्हती, बरं का. म्हातारीच्या हातात पान द्यायचं, पाया पडायचं, की आल्या पावली परत. साठ पानांना असा कितीसा वेळ लागतो?

ठकूबाई ओढ्याकाठी दगडावर दम खात बसलेली सापडली. केरबानं पान पुढं केलं. "आजी, चुकी झाली माझी. जेवा."

"पंगत उठली न्हवं?" म्हातारी म्हणाली. "आता एकटीनं कसं खाऊ?"

"हितं कोन बघतंय?"

"मी बघती की." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "घरी तर रोज एकटीच खाते, बाबा. वरसातनं एक दिस मानसांत जेवाय मिळतंय म्हनून उतरते एवढा डोंगर. तू बसतोस का संगं? दोघांची बी पंगत व्हती."

केरबानं सूर्याकडं पाहिलं. आपण एक घास जरी खाल्ला तरी नवस मोडतो, हे त्यानं तिला सांगितलं. सगुणाचं सांगितलं, गेलेल्या दोन बाळांचं सांगितलं. तीन महिन्यांत हे त्यानं देवाशिवाय कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

म्हातारीनं शांतपणे ऐकलं आणि पान त्याच्या हातात परत ठेवलं. "मग जा लवकर. लेक आधी. माझी भाकरी हाय घरी."

केरबा निघाला. दहा पावलं गेला असेल. तिनं शिव्या घातल्या असत्या तर तो मागं न पाहता पळाला असता. तिनं मायेनं जा म्हटलं आणि तिथंच त्याचे पाय अडखळले. सूर्य डोंगराला टेकत होता. तो एकदा देवळाकडं वळला, एकदा ओढ्याकडं वळला, आणि पुन्हा देवळाकडं. मग परत येऊन, पान मधे ठेवून म्हातारीसमोर मांडी घालून बसला. मनात म्हणाला, 'आई, मोडला बघ नवस. राग धरायचा तर माझ्यावर धर, पोरीवर नको.' आणि त्यानं पहिला घास तोंडात घातला. दिवसभराचा उपाशी माणूस, पण तो घास गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ठकूबाई आपल्या चालीनं जेवू लागली. सुरुवातीला केरबाचा गुडघा सारखा हलत होता. तिच्या प्रत्येक घासाला त्याला वाटे, उठावं. मग त्याच्या ध्यानात आलं की आता कुठंच पोचायचं उरलेलं नाही. गुडघा थांबला. म्हातारी बोलत होती. आमटीत चिंच जास्त झाली होती म्हणाली, लापशीला मात्र नाव ठेवायला जागा नाही म्हणाली. कासारानं तिला विचारलं, वस्तीवर पाणी कुठून आणतेस? तिनं सांगितलं. सूर्य केव्हा मावळला ते दोघांनाही कळलं नाही. पान चाटूनपुसून स्वच्छ झाल्यावर म्हातारी म्हणाली, "आता म्हन." केरबानं हळूच म्हटलं, आणि चांगभलं म्हणून ती दोघंही उठली.

घराकडं येताना मात्र भीतीनं त्याला पुन्हा गाठलं. देवीला दिलेला शब्द मोडून लेकीपुढं कुठल्या तोंडानं जायचं? दिवेलागणीला तो घरात शिरला. बायको पाण्याला गेली होती. सगुणा माजघरात पडून होती.

"आबा, झाली का पाचशे?" तिनं विचारलं.

"न्हाई. मोडला नवस," केरबा म्हणाला आणि नेहमीप्रमाणं दाराकडं वळला. पण त्या दिवशी त्याचे पाय निघाले नाहीत. तो खाली बसला, आणि बसला म्हणून त्याला उशापाशी झाकून ठेवलेलं ताट दिसलं. त्यानं झाकण काढलं. भाकरीचा एक कोपरा मोडलेला. बाकी सगळं जसंच्या तसं.

"ह्ये दुपारचं?"

"हां."

"आज गेलं न्हाई व्हय?"

"रोज असंच असतंय, आबा," सगुणा म्हणाली. "एकटीला नको वाटतंय. आई दिसभर कामात असती. तुमी कदी बसलाच न्हाई, मग दिसंल कसं?"

केरबाला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. सबंध मुलुखाला भात वाढून आला होता, आणि घरातलं ताट तीन महिने भरलेलंच परत जात होतं. तो उठून चुलीपाशी गेला, आमटी गरम केली, स्वतःला एक ताटली घेतली. पोट भरलेलं होतं तरी तिच्यासमोर मांडी घालून बसला. "चल," म्हणाला. "मला घाई न्हाई."

त्या संध्याकाळी सगुणानं एक भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दीड.

चैत्रात तिला मुलगी झाली, चांगली टपोरी. मोडलेला नवस देवीनं पुरा धरला की काय, यावर गावात अजून वाद होतात. त्यात मी पडत नाही. आईच्या पोटात अन्न गेलं की बाळ अंग धरतं, हे कळायला काही अंगात यावं लागत नाही.

तात्पर्य: देवाच्या नावानं वाढायला उभं राहिलं, की आपण किती पानं वाढली हे पाहू नये, समोरचं माणूस जेवलं का हे पाहावं, आणि दुसऱ्याच्या दारात वाढायला निघण्याआधी आपल्या घरातलं ताट उघडून पाहावं.