झ्यूसला जेवणाचं आमंत्रण

एका राज्यात, ग्रीक यवनांच्या निळ्या समुद्राकाठी, डोरिलास नावाचा राजा होता. राज्य लहान, पण बंदर मोठं. तेल, लोकर, द्राक्षासव बाहेर जाई आणि चहूकडची जहाजं आत येत. त्या देशाचा जुना रिवाज असा, की दारी कोणीही येवो, आधी पान वाढायचं, मग नाव विचारायचं, आणि निघताना पाहुणा मागेल ती भेट द्यायची. हा रिवाज घालून दिला होता खुद्द झ्यूसने, देवांच्या राजाने. सगळे वाटसरू त्याच्या आसऱ्याला असत.

मंडळी, रिवाजात मोठं शहाणपण असतं. आमच्या पेठेत एक कापडवाले होते. ठाण उलगडण्याआधी ते गिऱ्हाइकापुढे पन्ह्याचा पेला ठेवीत. पन्हं प्यालेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने क्वचितच उठे, आणि उठलंच तरी गावभर दुकानाचं चांगलं बोले. डोरिलासच्या पूर्वजांचं बंदर असंच भरलं होतं. पण भरलेलं बंदर आयतं हाती आलं, की माणसाला काटकसर सुचते.

डोरिलास म्हणाला, "सरदाराला मेंढ्याचं मांस आणि शेळ्या राखणाऱ्यालाही तेच? हे काही बरोबर नाही. यापुढे दारातच नाव आणि कूळ विचारा. मग ठरवू, काय वाढायचं."

द्राक्षांच्या उत्सवाला एक भिजलेला म्हातारा दारी आला.

"नाव?" द्वारपालाने विचारलं.

"जेवल्यावर सांगतो."

राजा आसनावरूनच म्हणाला, "बाबा, आधी नाव सांग. त्यावर पान ठरेल."

म्हाताऱ्याने मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत वीज दिसली. तो झ्यूस होता. तो एवढंच म्हणाला, "नाव विचारून जिथे पान वाढतात, तिथे पाहुणा येणार नाही." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं कोणी राज्यात पाऊल टाकू शकेना. वाटसरू वेशीशी यायचा आणि रस्ता त्याला वळवून परत न्यायचा. जो एकदा बाहेर गेला, तोही बाहेरचाच ठरला.

अशात क्षितिजावर निळ्या शिडाचं जहाज दिसलं, आणि राजा धक्क्याकडे धावला. त्याचा मुलगा आयोलास लहानपणी आजोळी शिकायला गेला होता. तो आता मोठा होऊन घरी येत होता, आणि ते जहाज आजोळचं होतं. धक्क्याशी यावं तर लाट मागे ढकले, परत फिरावं तर वारा नाही. राजाने पाणी आणि भाकरी घेऊन होड्या सोडल्या, त्या भलतीकडेच वाहून गेल्या. किनाऱ्यावरून दिसत होतं, की खलाशी रिकामी पिंपं उन्हात पालथी घालताहेत.

राजाची मुलगी क्लिमेनी झ्यूसला भेटायला झोळी घेऊन निघाली. झोळीत सातूचं पीठ, चीज, सुके अंजीर.

राजा म्हणाला, "पोरी, बाहेर गेलीस तर परत येता येणार नाही."

"इथे राहून भावाला तहानेने मरताना बघू?" ती म्हणाली, आणि वेस ओलांडून गेली.

वेशीबाहेर ऑलिव्हच्या झाडावर एक कावळा बसला होता. तो माणसासारखा बोलला, "झ्यूसकडे निघालीस ना? वाट तिघी म्हाताऱ्यांना ठाऊक. पुढे एकाक्षाची खिंड. त्यापुढे देवांचं दार. तिन्ही ठिकाणी बरेच वीर गेले."

"परत किती आले?"

"ते विचारू नकोस. मी पूर्वी पांढरा होतो. अपोलो देवाला एक खरी बातमी सांगितली, त्याने रागाने काळा केला. तरी जिभेची सवय जात नाही."

"मग कावळेदादा, माझ्याबरोबर या. तोंडावर खरं बोलणारं कोणीतरी हवंच आहे."

तिघी म्हाताऱ्या धुक्यात बसल्या होत्या. तिघींत मिळून डोळा एक, दात एक. येणारा प्रत्येक वीर तो डोळा हिसकावून घेई आणि वाट विचारी. चाहूल लागताच थोरलीने डोळा मुठीत लपवला.

"आलास का चोरा?"

क्लिमेनीने काही विचारलं नाही. चूल पेटवली, सातूच्या पिठाची पातळ पेज शिजवली, तीन वाडग्यांत ओतली.

"आजीबाई, जेवून घ्या. याला दात लागत नाही."

आजवर एकीचं जेवण होईपर्यंत दोघींना दाताची वाट बघावी लागे. त्या दिवशी तिघी प्रथमच एका वेळी जेवल्या. धाकटी म्हणाली, "ताई, तू जेवताना केवढा आवाज करतेस." थोरली म्हणाली, "तुझं तोंड मोकळं असलं, की हे असं ऐकावं लागतं." मग मधलीने विचारल्यावाचून वाट सांगितली, आणि डोळा नीट धरून ती ओढ्यापर्यंत पोचवायलाही आली.

खिंडीत एकाक्ष राक्षस होता. डोंगराएवढा देह, कपाळावर एकच डोळा. गुहेत आलेल्या पाहुण्याला तो खात असे. म्हणून क्लिमेनी गुहेत गेलीच नाही. बाहेर खडकावर तिने कापड अंथरलं, चीज आणि अंजीर मांडले आणि हाक मारली, "अहो, या. बसा."

राक्षस गोंधळला. "मला म्हणतेस?"

"इथे दुसरं कोण आहे? हात धुऊन या."

"देवांचे नियम मी मानत नाही. तुलाही खाईन."

"खा. पण आधी हे संपवा, वाया जाईल."

तो बसला. एका घासात चीज गेलं, दुसऱ्यात अंजीर. मग त्याने रिकामं कापड झटकून तिला परत दिलं. म्हणाला, "मला आजवर कोणी 'या' म्हटलं नव्हतं. आता तुझं मीठ पोटात गेलं. आता तुला कसं खाऊ?"

कावळा म्हणाला, "तेच तर." राक्षसाने तिला खांद्यावर घेतलं आणि खिंडीपार सोडलं.

देवांचं दार ढगांचं होतं. दारात हर्मीस उभा होता, पायांत पंखांचे जोडे. हा व्यापाऱ्यांचा देव. बोलायला तरतरीत.

"नाव काय? कोणाची कोण? काम काय?"

झोळी रिकामी झाली होती. क्लिमेनी उंबऱ्यावरच बसली.

"देवा, मला भूक लागली आहे."

"ते पुढे बघू. आधी नाव."

"म्हणजे तुमच्याकडेही हेच चालतं होय?"

"हेच म्हणजे?"

"आमच्या राजाने एका म्हाताऱ्याला दारात नाव विचारलं. त्याने शाप दिला. आता तुम्हाला शाप कोण देतो, ते बघत बसते."

आतून झ्यूसचा आवाज आला, "हर्मीस, पान वाढ."

क्लिमेनी जेवली. भावाच्या ओठांना पाणी नव्हतं. तरी पान स्वच्छ होईपर्यंत ती उठली नाही. पाहुणीचं कामही पुरतं झालं पाहिजे. मग झ्यूसने नाव विचारलं, आणि तिने सांगितलं.

"शाप मागे घ्या, असं म्हणू नकोस," झ्यूस म्हणाला. "तोंडून गेलेला शब्द मलाही परत घेता येत नाही."

"नाही म्हणत. पण निघताना पाहुण्याने भेट मागायची असते."

"माग."

"आमच्या घरी जेवायला या."

हर्मीस सगळ्यांत आधी हसला. सौदा त्याच्या लगेच ध्यानात आला. झ्यूसला क्षणभर लागला. तो म्हणाला, "मी पाहुणा म्हणून तिथे गेलो, तर पाहुणा येणार नाही हा शब्द मोडतो."

"तुम्ही तो मागे घेतलेला नाही, देवा. तो तुमच्या पायांनी मोडेल."

झ्यूसची राणी हेरा शेजारून म्हणाली, "कबूल करा. पोरीने तुम्हाला तुमच्याच नियमात धरलं आहे."

"येईन," झ्यूस म्हणाला. "निळ्या शिडाच्या जहाजातून येईन. पण कोणत्या रूपात, ते सांगणार नाही."

वारा सुटला. जहाज धक्क्याला लागलं, दोर पडले, आणि झ्यूसच्या गरुडाने क्लिमेनीला तिथेच उतरवलं. एकेक जण खाली उतरला. सगळे सारखेच वाळलेले, मिठाने पांढरे पडलेले. बोलायला घशात ओल नव्हती. त्यांतला एक देव होता. आणि एक आयोलास. पण मोठा झालेला आयोलास बापाने कधी पाहिलाच नव्हता.

राजाचे ओठ हलले. नाव विचारायला जीव तुटत होता. पण डोरिलासने ओठ मिटले, पाण्याचं घंगाळ उचललं आणि ओळीने प्रत्येकाचे पाय स्वतः धुतले. मग पानं मांडली. सगळ्यांना मेंढ्याचं मांस, सगळ्यांना ताजी भाकरी, कोणाच्या पानात तसूभर कमी नाही.

शेवटचा हात धुऊन झाला, तेव्हा राजाने एकेकाला नाव विचारलं. दर नावाला मान लववून तो पुढे सरके. कोपऱ्यात एक किडकिडीत तरुण बसला होता. राजाने विचारलं, "पाहुणे, तुमचं नाव?"

"आयोलास," तो म्हणाला. "डोरिलास राजाचा मुलगा. बाबा, आणखी एक भाकरी मिळेल?"

निरभ्र आकाशात मेघ गडगडला. पाहतात तर एक पान स्वच्छ होतं आणि त्यावरचा पाहुणा उठून गेला होता. त्याला नाव विचारायचं राहूनच गेलं.

बंदर पुन्हा भरलं. डोरिलासने पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं, आणि दारी येणाऱ्याला पहिलं पान तो स्वतः वाढी. अडलेलं जहाज त्यांच्या धक्क्याला लागलं, तसं ऐकणाऱ्यांचंही लागो.