खोकल्याचं गाणं

रानात माणसाची कुऱ्हाड अजून शिरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक बुलबुलीण रोज नवं गाणं रचायची. एकदा गाता गाता तिच्या घशात उंबराचं बी अडकलं नि ती खोकली. शेजारच्या कोतवाल पक्ष्यानं ते गाणं खोकल्यासकट जसंच्या तसं उचललं आणि झाडोझाड गाऊन नाव कमावलं.

बुलबुलीण भडकली. तडक घुबडाच्या सभेत जाऊन म्हणाली, "गाणं माझं आहे, ऐका!" आणि जीव ओतून गायली.

घुबडानं मान डोलावली. "नक्कल बरी आहे हो बाई, पण मधला खोकला विसरलात. कोतवालसाहेबांकडे चार दिवस शिका."

बुलबुलीण घरट्यात परतली, तर तिचीच पिल्लं तिला समजावू लागली, "आई, सोपं आहे गं. हे बघ, असं खोकायचं!"