मावशींच्या अंगावरची साय

यंत्रांनाही बोलता येई तेव्हाची गोष्ट. वैशाख वद्य पंचमी होती, आभाळ भरलेलं आणि हवा दमट. एका घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत छत्रीसारखं एक मऊ प्रवाळ राहत असे. सगळे त्याला मावशी म्हणत. त्या दिवशी मावशींनी अंग मिटून घेतलं आणि त्यांच्यावर मेणचट साय चढली.

“जरा हळू फिर की,” नारिंगी मासा टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाला म्हणाला. “मावशी आजारी आहेत.”

पंपाला आधीच सगळे दांडगट म्हणत. त्याने मुकाट्याने वेग कमी केला. पाणी शांत झालं, पण साय सुटेना. दोन दिवसांत तिच्याखाली मावशींची कड काळी पडू लागली.

म्हातारी गोगलगाय काचेवरून सावकाश खाली आली. “त्या कात टाकतायत रे. जोराच्या पाण्यानेच ती साय निघते.”

“आणि मावशीच फाटल्या तर?” पंपाने विचारलं.

“तेवढं मला ठाऊक नाही, बाबा.”

 पंप पूर्ण जोराने फिरू लागला.

“कसायाचं काळीज आहे तुझं,” मासा म्हणाला. पंप थांबला नाही.

संध्याकाळी साय वाहून गेली. सकाळी मावशी उघडल्या. काळी पडलेली दोन बोटं रुंद कड मात्र गळून पडली होती.